नौकेच्या इंजिनातील समतोलक : खुणेला खूण मिळवण्याचे महत्त्व

(पावसाळ्यापूर्वीच्या तयारीनिमित्त ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळा तोंडावर आला की गावोगावी कामांची यादी निघते. नाल्यांतील गाळ काढणे, धोक्याच्या फांद्या छाटणे, शाळेच्या छपराची कौले फिरवून घेणे ही कामे डोळ्यांना दिसतात. ती झाली की नाही, हे जाता-येता कळते. नदीकाठच्या व खाडीकाठच्या गावांत मात्र आणखी एक काम असते. वर्षभर कोठीत पडून राहिलेली नौका बाहेर काढणे आणि तिच्या मागील फळीला लावावयाचे इंजिन दुरुस्त करून घेणे, हे ते काम. ते झाले की नाही, हे दिसते. बरोबर झाले की नाही, हे मात्र दिसत नाही. ज्या चुकीमुळे इंजिन सुरू होण्याचे अडत नाही, ती चूक सर्वांत फसवी असते. इंजिनातील समतोलक, ज्याला कारागीर बॅलन्सर म्हणतात, तो बसवताना होणारी चूक नेमकी या जातीची आहे. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

विषय यंत्राचा असला तरी तो केवळ यंत्रज्ञांचा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांच्या पुराने सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील कित्येक गावांना वेढा घातला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड या शहरांत पाणी शिरले. ऑगस्ट २०१८ च्या केरळमधील महापुरात तेथील मच्छीमारांनी आपल्या नावा मालमोटारींवर चढवून किनाऱ्यापासून दूरच्या गावांत नेल्या आणि हजारो लोकांना सुखरूप बाहेर काढले. या प्रत्येक प्रसंगी रस्ता, पूल आणि दूरध्वनी निकामी झाल्यावर माणसाचा जीव नावेवर व तिच्या मागे लावलेल्या इंजिनावर अवलंबून होता. सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेची कारणे वेगळी होती. परंतु पुराच्या प्रवाहात नावेचा ताबा सुटणे किती दारुण ठरते, हे त्या घटनेने सर्वांना दाखवून दिले. म्हणूनच इंजिनाच्या दुरुस्तीची देयके मंजूर करणाऱ्यांनी त्या दुरुस्तीचे मर्म थोडेसे तरी समजून घेणे अगत्याचे आहे.

इंजिन का हादरते?

नावेच्या मागील फळीला बाहेरून अडकवावयाचे इंजिन, म्हणजे आउटबोर्ड इंजिन, ही काही कालपरवाची वस्तू नव्हे. अमेरिकेतील मिलवॉकी येथे ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ मध्ये असे इंजिन तयार करून त्याचा प्रसार केला. तेव्हापासून त्याची ठेवण मूलतः तीच राहिली आहे. वर इंजिन, त्याखाली उभा दंड आणि तळाशी पाण्यात फिरणारा पंखा. मोटारीच्या इंजिनात आडवा असणारा भुजादंड, म्हणजे क्रँकशाफ्ट, येथे उभा असतो आणि दट्ट्ये, म्हणजे पिस्टन, आडवे धावतात. हे सारे ओझे फळीला शिकंजांनी किंवा बोल्टांनी धरलेले असते. मोटारीचे इंजिन लोखंडी सांगाड्यात चहूबाजूंनी बसवलेले असते; नावेचे इंजिन मात्र एका फळीवर उंच तोललेले असते. त्यामुळे त्यात निर्माण होणारा प्रत्येक हादरा त्या फळीपर्यंत व सुकाणू धरणाऱ्याच्या हातापर्यंत पोहोचतो.

हा हादरा येतो कोठून? दट्ट्या सिलिंडरमध्ये पुढे-मागे धावतो. धावेच्या प्रत्येक टोकाला तो क्षणमात्र थांबतो आणि उलट दिशेने निघतो. भुजादंड मिनिटास ५,००० फेरे घेत असेल तर दट्ट्याला एका मिनिटात १०,००० वेळा थांबून दिशा बदलावी लागते. धावती बैलगाडी एकाएकी थांबली की आत बसलेली माणसे पुढे ढकलली जातात. त्याच न्यायाने दट्ट्याला थांबवताना व फिरवताना इंजिनाच्या सांगाड्याला झटका बसतो. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटास १,००० फेऱ्यांना जो जोर असतो, तो ५,००० फेऱ्यांना पाचपट नव्हे, तर पंचवीसपट होतो. या एका नियमात पुढील सर्व विवेचनाची किल्ली आहे.

या झटक्यावर पहिला उपाय म्हणजे भुजादंडावरच दट्ट्याच्या विरुद्ध बाजूस वजन ठेवणे. परंतु दट्ट्याचा जोर सरळ रेषेत मागे-पुढे होतो, तर भुजादंडावरील वजनाचा जोर वर्तुळात फिरतो. त्यामुळे हे वजन एका दिशेचा हादरा कमी करते आणि आडव्या दिशेचा नवा हादरा उत्पन्न करते. एक सिलिंडर असलेल्या किंवा दोन दट्ट्ये एकाच वेळी एकाच बाजूला धावणाऱ्या इंजिनात अशा वजनाने निम्मा जोर फेडला, तर उरलेला निम्मा जोर भुजादंडाच्या उलट दिशेने फिरत राहतो. तो फेडावयाचा तर भुजादंडाच्याच वेगाने, पण उलट दिशेने फिरणारा आणि एका बाजूला जड केलेला दुसरा दंड बसवावा लागतो. हाच समतोलक दंड होय.

चार सिलिंडर एका ओळीत असलेल्या इंजिनाची गोष्ट निराळी आहे. तेथे दोन दट्ट्ये एका टोकाला असतात तेव्हा उरलेले दोन दुसऱ्या टोकाला असतात. त्यामुळे मुख्य जोर आपापसांत फिटतात. तथापि, जोडदांडा धावेच्या मध्यात तिरका होत असल्यामुळे दट्ट्याची गती दोन्ही टोकांना अगदी सारखी नसते. त्यातून प्रत्येक फेऱ्यात दोन वेळा उसळणारा एक दुय्यम जोर निर्माण होतो. एका दट्ट्यापुरता तो मुख्य जोराच्या साधारणतः चौथा ते तिसरा हिस्सा असतो, पण चारही सिलिंडरांचा हा जोर एकाच वेळी एकाच दिशेने येतो आणि त्यांची बेरीज होते. यावर ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०४ मध्ये उपाय काढला. भुजादंडाच्या दुप्पट वेगाने व परस्परांच्या उलट दिशांनी फिरणारे दोन समतोलक दंड त्याने योजले. पुढे सत्तर वर्षांनी जपानच्या मित्सुबिशी कंपनीने मोटारींसाठी या कल्पनेला नवे रूप दिले. आज नौकांच्या मोठ्या इंजिनांतही ती योजना आढळते. यामाहाच्या एफ १५० या सुमारे २.७ लिटर क्षमतेच्या चार सिलिंडरी इंजिनात असे दोन दंड आहेत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्रत्येक नौकेच्या इंजिनात समतोलक असतोच असे नाही. लहान इंजिने आणि दोन धावांची, म्हणजे टू-स्ट्रोक, इंजिने बहुधा त्याच्याविना चालतात. चार धावांच्या काही दोन सिलिंडरी इंजिनांत आणि मोठ्या चार सिलिंडरी इंजिनांत तो भेटतो. आपल्या कोठीतील इंजिनात समतोलक आहे की नाही, हे त्या इंजिनाच्या माहितीपुस्तकावरून कळते आणि ती नोंद इंजिन घेतले त्या दिवशीच करून ठेवावी, हे उत्तम.

एका दात्याची चूक

समतोलक दंड भुजादंडाशी दंतचक्रांनी, साखळीने किंवा दातेरी पट्ट्याने जोडलेला असतो. दट्ट्याचा जोर एका बाजूला येतो, त्याच क्षणी समतोलकाचे वजन बरोबर विरुद्ध बाजूला असले पाहिजे. हे जुळावे म्हणून कारखान्यात दोन्ही दंतचक्रांवर खुणा केलेल्या असतात. कोठे दात्यावर ठिपका असतो, कोठे बारीक रेघ असते. जोडणी करताना खुणेला खूण मिळवली की काम झाले. सांगायला ही गोष्ट सोपी आहे. तेलाने माखलेल्या, गंज चढलेल्या चक्रावर अंधुक उजेडात ती खूण शोधताना मात्र एक दाता इकडे किंवा तिकडे सरकणे मुळीच अशक्य नाही.

एक दाता सरकला तर काय बिघडते? समजा, दोन्ही दंतचक्रांना ३६ दाते आहेत. म्हणजे एक दाता १० अंशांचा झाला. गणित असे सांगते की, १० अंशांच्या चुकीने फेडावयाच्या जोरापैकी शेकडा १७ जोर न फिटता शिल्लक राहतो. दोन दात्यांची चूक असेल तर शेकडा ३५ जोर उरतो. सहा दात्यांची, म्हणजे ६० अंशांची चूक झाली तर संपूर्ण जोर जसाच्या तसा राहतो; समतोलक असून नसल्यासारखा होतो. त्यापुढे तर तो अपकारच करू लागतो. अठरा दात्यांची चूक झाली, म्हणजे वजन नेमके उलट बाजूला गेले, तर हादरा दुप्पट होतो. आजारावर दिलेले औषधच आजार वाढवू लागावे, तसा हा प्रकार आहे.

दुप्पट वेगाने फिरणाऱ्या दंडाच्या बाबतीत चूक अधिकच महाग पडते. त्याच्या चक्राला भुजादंडाच्या चक्राच्या निम्मेच दाते असतात. ३६ च्या जोडीला १८ दात्यांचे चक्र असेल तर एक दाता २० अंशांचा होतो आणि त्या दंडाच्या वाट्याला आलेल्या जोरापैकी एक-तृतीयांशाहून अधिक भाग शिल्लक उरतो. शिवाय दोन दंडांपैकी एकच चुकीचा बसला तर त्यांचे आडवे जोर परस्परांना फेडत नाहीत. मग पूर्वी नसलेला असा बाजूचा हादरा नव्याने सुरू होतो.

झडपांच्या वेळेची जुळणी चुकली तर इंजिन सुरू होत नाही, किंवा सुरू झाले तरी दम धरत नाही. ती चूक स्वतःच ओरडून सांगते. समतोलकाची चूक मुकी असते. दोरी ओढताच इंजिन सुरू होते आणि मंद गतीत ठीक चालते. कार्यशाळेतील पाण्याच्या पिंपात ते पाच मिनिटे चालवून दाखवले की घेणाऱ्याचे समाधान होते. मात्र जोर वर्गाच्या प्रमाणात वाढतो हा नियम येथे आठवावा. मंद गतीला जो उरलेला हादरा हाताला जाणवतही नाही, तोच पूर्ण गतीला पंचवीसपट होतो. आणि पूर्ण गतीची गरज लागते ती भर पुरात, माणसांनी भरलेली नाव प्रवाहाविरुद्ध नेताना.

त्या वेळी काय घडते, हे कारागिरांना ठाऊक असते. शिकंजांचे मळसूत्र हळूहळू सैल होते. इंधननळीच्या जोडांतून गळती सुरू होते. विजेच्या तारांची टोके सुटतात. फळीच्या लाकडाला किंवा फायबरला बोल्टांभोवती चिरा पडतात. आतील धारव्यांची, म्हणजे बेअरिंगांची, झीज वेगाने होते. सुकाणू धरणाऱ्याचा हात बधिर होतो. यांपैकी एकही गोष्ट एकाएकी घडत नाही. म्हणूनच ती कोणाच्या ध्यानात येत नाही.

शाळेच्या पटांगणातील प्रयोग

शिक्षकांना हा सिद्धांत विद्यार्थ्यांना दाखवायचा असेल तर त्यासाठी इंजिनाची गरज नाही. एक जुनी सायकल उलटी करून बसण्याची जागा आणि दांडी यांवर उभी करावी. मागच्या चाकाच्या धावेवर एका आऱ्याजवळ एक लोखंडी नट तारेने घट्ट बांधावा आणि पायटा फिरवून चाकाला गती द्यावी. गती वाढताच सायकल उड्या मारू लागेल. आता तेवढ्याच वजनाचा दुसरा नट बरोबर समोरच्या बाजूला बांधावा. सायकल बव्हंशी शांत होईल.

यानंतर दुसरा नट एकेक आरा सरकवत जावे. साध्या सायकलीच्या मागच्या चाकाला ४० आरे असतील तर एक आरा ९ अंशांचा होतो. पहिल्या एक-दोन आऱ्यांना फरक थोडा जाणवतो; पुढे हादरा वाढत जातो. सातव्या आऱ्यापाशी चूक ६३ अंशांची होते आणि दोन नट असतानाचा हादरा एकच नट असतानाच्या हादऱ्यापेक्षाही किंचित अधिक होतो. वजन तेच आणि चाकही तेच, केवळ जागा चुकली. एवढ्यावरून समतोलकाचे सारे तत्त्व मुलांना उमगते. त्रिकोणमिती शिकणाऱ्या वर्गाला याच प्रयोगावरून ज्या-कोष्टकाचा उपयोगही दाखवता येईल. प्रयोगाच्या वेळी कोणीही चाकाच्या रेषेत उभे राहू नये आणि तारेची गाठ प्रत्येक वेळी तपासावी, ही खबरदारी मात्र विसरू नये.

जोडणीची रीत

मेणबत्ती बदलणे, पाण्याच्या पंपाचे रबरी पाते बदलणे किंवा खालच्या पेटीतील तेल बदलणे या नेहमीच्या कामांत समतोलकाला हात लागत नाही. इंजिनाची मुख्य पेटी उघडली, अथवा साखळी, पट्टा किंवा दंतचक्रे काढली, तरच जुळणीचा प्रश्न उद्भवतो. पुराच्या पाण्यात बुडालेल्या आणि गाळ शिरलेल्या इंजिनाच्या बाबतीत हा प्रसंग हटकून येतो.

पहिली गोष्ट म्हणजे त्या विशिष्ट इंजिनाचे दुरुस्तीपुस्तक हाताशी असावे. खुणा कोठे आहेत आणि त्या कशाशी मिळवायच्या, हे प्रत्येक इंजिनागणिक वेगळे असते. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणे योग्य नव्हे. पूर्वीच्या एखाद्या कारागिराने आपल्या सोयीसाठी ठोकलेले ठिपकेही चक्रावर आढळतात. म्हणून चक्र रॉकेलने स्वच्छ करावे आणि पुस्तकात दाखवलेली खूण तेवढीच प्रमाण मानावी. उघडण्यापूर्वी जोडणीचे छायाचित्र काढून ठेवावे. मात्र जुनी जोडणी बरोबरच होती, असे गृहीत धरू नये.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. विजेच्या संचाची तार सोडवावी आणि मेणबत्त्या काढाव्यात. म्हणजे इंजिन अवचित सुरू होण्याचा धोका टळतो आणि भुजादंड हाताने सहज फिरवता येतो. तो फिरवताना इंजिनाच्या स्वाभाविक दिशेनेच फिरवावा. खालचा भाग जोडलेला असताना उलट फिरवल्यास पाण्याच्या पंपाची रबरी पाती दुमडून मोडण्याचा संभव असतो.

तिसरी गोष्ट पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या धावेच्या टोकाला आणण्याची. कारागीर याला टीडीसी म्हणतात. उभ्या भुजादंडाच्या या इंजिनांत सामान्यतः सर्वांत वरचा सिलिंडर पहिला मानतात. प्रचक्रावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, यासाठी खूण असते. परंतु त्यावर एकाहून अधिक खुणा असतात आणि प्रचक्राची चावी तुटलेली असेल तर तीच खूण खोटी साक्ष देते. म्हणून दट्ट्याची जागा मेणबत्तीच्या छिद्रातून पडताळावी. धावेच्या टोकाला दट्ट्या इतका सावकाश हलतो की, भुजादंड पाचेक अंश फिरला तरी दट्ट्या एका मिलिमीटरचा लहानसा अंशच सरकतो. नुसत्या नजरेला हा फरक कळत नाही. यासाठी दट्ट्या टोकाच्या अलीकडे व पलीकडे सारख्याच उंचीवर असतानाच्या दोन जागा मोजमापाने ठरवाव्यात आणि त्यांचा मध्य घ्यावा.

चौथी गोष्ट चार धावांच्या इंजिनातील एका नेहमीच्या गोंधळाविषयी. अशा इंजिनात झडपांचे एक आवर्तन भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत पुरे होते. त्यामुळे दट्ट्या टोकाला दोनदा येतो आणि झडपांसाठी त्यांपैकी नेमका कोणता प्रसंग, हे महत्त्वाचे ठरते. समतोलक मात्र भुजादंडाच्या वेगाने किंवा दुपटीने फिरत असल्यामुळे त्याला दोन्ही प्रसंग सारखेच असतात. झडपांच्या दंडाची खूण आणि समतोलकाची खूण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक जुळली म्हणून दुसरी आपोआप जुळत नाही. दोन्ही स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात.

यानंतर समतोलकाचे चक्र खुणेला खूण मिळवून बसवावे. काही इंजिनांत दंड जागेवर अडकवून ठेवण्यासाठी पेटीच्या छिद्रातून खिळ घालण्याची सोय असते. जोडणी संपताच ती खिळ काढून घ्यावी. ती आत राहून भुजादंड फिरवला तर मोडतोड ठरलेली. काही इंजिनांत दोन चक्रांच्या मध्ये आणखी एक चक्र असते. त्याच्या दात्यांची संख्या वेगळी असल्यास एका फेऱ्यानंतर मधल्या चक्राची खूण पुन्हा जागेवर येत नाही. हे पाहून नवखा कारागीर घाबरतो आणि बरोबर असलेली जोडणी मोडून पुन्हा चुकीची करतो. अशा वेळी मधल्या चक्राकडे न पाहता दट्ट्या टोकाला असताना समतोलकाचे वजन योग्य जागी आहे की नाही, हे पाहावे. शेवटी भुजादंड हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासाव्यात. कोठे अडले तर जोर न लावता कारण शोधावे.

कधी कधी समतोलकाचे धारवे खराब झाले की तो दंडच काढून टाकण्याचा मोह होतो. त्याविना इंजिन चालते, हे खरे. पण तो काढल्यावर हादरा मोकाट सुटतो आणि काही इंजिनांत त्या जागेतील तेलाची वाट उघडी पडून तेलाचा दाबही उतरतो. काटकसरीच्या नावाखाली केलेली ही तडजोड पुढे संपूर्ण इंजिन बदलण्याचा खर्च ओढवून आणते.

परीक्षा पाण्यात व्हावी

दुरुस्त झालेले इंजिन पिंपात मंद गतीवर चालवून ताब्यात घेणे म्हणजे विद्यार्थ्याची परीक्षा मुळाक्षरांवरच आटोपण्यासारखे आहे. इंजिन नावेला लावून, योग्य पंख्यासह, शांत व खोल पाण्यात, मंद गतीपासून पूर्ण गतीपर्यंत टप्प्याटप्प्याने चालवले पाहिजे. थंड करणाऱ्या पाण्याची धार नीट पडत असल्याची खात्री प्रथम करावी. पाण्याविना इंजिन क्षणभरही चालवू नये. तसेच पंखा पाण्याबाहेर असताना किंवा गिअर न घालता गती फार वाढवू नये.

हादरा जाणवला की दोष समतोलकाचाच, असा निष्कर्ष घाईने काढणेही योग्य नव्हे. पंख्याचे पाते वाकले असेल किंवा त्याला जाळ्याची दोरी अडकली असेल, तर गिअर घातल्यावरच हादरा येतो. एखादी मेणबत्ती पेटत नसेल तर इंजिन अडखळते आणि त्याची ताकद कमी पडते. रबरी बैठका झिजल्या असतील तर एरवीचाच हादरा फळीपर्यंत पोहोचू लागतो. ही कारणे एकेक करून तपासावीत. ती सर्व निर्दोष असतील, इंजिनाची ताकदही पुरेपूर असेल, आणि गिअर न घालताही माफक गती वाढवताच हादरा झपाट्याने वाढत असेल, तर समतोलकाच्या खुणांकडे वळावे. मुख्य पेटी उघडल्यानंतरच हा हादरा सुरू झाला असेल, तर संशय अधिकच बळावतो.

नोंदवहीतील चार ओळी

ग्रामपंचायतीच्या सदस्याने अथवा तहसील कार्यालयातील लिपिकाने इंजिन उघडून पाहावे, अशी कोणाचीच अपेक्षा नाही. न दिसणाऱ्या कामाची जबाबदारी कागदावर दिसावी, एवढी व्यवस्था मात्र त्यांच्या हाती आहे. देयकावर 'इंजिन दुरुस्ती' एवढे दोन शब्द लिहून रक्कम मांडलेली असते, तेव्हा चूक कोठे झाली, हे पुढे कोणालाही सांगता येत नाही आणि कारागिरालाही आपले चोख काम सिद्ध करता येत नाही.

यासाठी नौकेच्या नोंदवहीत दर दुरुस्तीनंतर चार ओळी असाव्यात. इंजिनाचा क्रमांक आणि मुख्य पेटी उघडली की नाही, ही पहिली ओळ. उघडली असल्यास झडपांच्या व समतोलकाच्या खुणा स्वतंत्रपणे जुळवल्या आणि दोन फेरे फिरवून पुन्हा पाहिल्या, ही दुसरी. पाण्यात पूर्ण गतीवर किती वेळ परीक्षा घेतली आणि त्या वेळी कोण हजर होते, ही तिसरी. परीक्षेनंतर शिकंजा, बोल्ट, इंधननळी व फळी तपासली, ही चौथी. खाली काम करणाऱ्याची आणि काम घेणाऱ्याची सही असावी. खुणा जुळल्याचे छायाचित्र पेटी बंद करण्यापूर्वी काढून जोडले तर फारच चांगले. आज प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनीवर ते विनासायास निघते.

या नोंदीमुळे कारागिरावर अविश्वास दाखवला जातो, असे कोणी समजू नये. उलट, जो कारागीर रॉकेलने चक्र धुऊन, दिवा जवळ धरून खूण शोधतो, त्याच्या कष्टांची दखल एरवी कोणीच घेत नाही. इंजिन सुरू होते, एवढेच लोक पाहतात. चार ओळींच्या नोंदीमुळे त्याच्या काळजीपूर्वक केलेल्या कामाला नाव मिळते आणि घाईने उरकलेले काम वेगळे ओळखू येते. तरुण कारागिरांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून यंत्राचे शिक्षण मिळत असते. या शिक्षणाला काम करून घेणाऱ्यांच्या जाणतेपणाची जोड मिळाली, तर गावातच उत्तम दुरुस्ती होऊ शकेल आणि ऐन पावसाळ्यात इंजिन शहरात नेण्याचा खटाटोप वाचेल.

पूर येण्याची वेळ माणसाच्या हाती नाही. नाव किती माणसांनी भरायची, प्रत्येकाच्या अंगावर तरंगजाकीट आहे की नाही आणि सुकाणू कोणाच्या हाती द्यायचे, हे माणसाच्या हाती आहे. दोन दंतचक्रांवरील दोन बारीक ठिपके समोरासमोर आले आहेत की नाही, हेही माणसाच्याच हाती आहे. ते पाहण्याची वेळ पाणी चढल्यावर नसते. ती आता, कोरड्या जमिनीवर, उघड्या पेटीपुढे असते. येत्या पावसाळ्यापूर्वी ज्या गावांतील इंजिने दुरुस्तीला जातील, त्या गावांनी देयकावर सही करण्याआधी खुणेला खूण मिळाली का, एवढे जरूर विचारावे.